चार सप्टेंबरची नऊ एप्रिल

१० फेब्रुवारी

पुजाची जन्मतारीख चुकली आहे. माझ्यामुळे.

सकाळी वधू-वर केंद्रात एक वडील तक्रार घेऊन आले — मुलगा आठ मार्चचा, पत्रिका तीन ऑगस्टची. दिवाळीत मी सगळी स्थळं एक्सेलमधून अ‍ॅक्सेसमध्ये घेतली, तेव्हा तारखेचा क्रम महिना आधी, दिवस नंतर असा राहून गेला. तेरापासून पुढचे दिवस बराबर आले, म्हणून कळलंच नाही. बारापर्यंतचे सगळे उलटे!

पुसेगावच्या पुजाची चार सप्टेंबरची नऊ एप्रिल झाली. तिच्या घरी पत्रिका नव्हती, आम्हीच काढून दिली. कळमनुरीच्या प्रभूशी जुळली. साखरपुडाही झाला.

११ फेब्रुवारी

खऱ्या तारखेनं जुळवून पाहिलं. एकच नाडी. जुळत नाही. आणि प्रभूची आई पत्रिकेवाचून पाऊल उचलत नाही.

भागवतकाकांना, म्हणजे मालकांना सांगितलं. म्हणाले, आधी पोरीच्या कानावर घाल. पुढचं तिला ठरवू दे.

१२ फेब्रुवारी

पुसेगावला गेले नाही. जेवणही गेलं नाही.

१४ फेब्रुवारी

जीपनं पुसेगावला गेले. पुजाची आई, सिंधूबाई, हौसेनं बस्त्याच्या साड्या दाखवत बसल्या. त्यांच्यासमोर कसं बोलणार? पुजा फाट्यापर्यंत सोडायला आली, तेव्हा वाटेत सांगितलं. ती थांबलीसुद्धा नाही.

"मला म्हाईत हाय ताई. पत्रिका हातात आली तवाच दिसलं."

"मग बोलली काहून न्हाईस?"

"मला प्रभू आवडले होते. तुमीबी बोलू नका."

मी मान डोलावली. जीपमध्ये बसल्यावर वाटलं, परत उतरावं.

१७ फेब्रुवारी

मूळ फाईल पुन्हा आत घेतली, या वेळी दिवस आधी. सगळ्या तारखा सरळ झाल्या. मग पुजाची तेवढी हातानं उलटी करून ठेवली.

पहिली चूक नकळत झाली होती. ही नाही.

१८ फेब्रुवारी

काकांनी विचारलं, झालं का सगळं नीट? मी हो म्हणाले. दिवसभर फोन वाजला की दचकत होते.

२० फेब्रुवारी

पुजाचा फोन. "ताई, माझी तारीख बराबर करा. मी त्यांला सांगून टाकलं."

प्रभू आईशी भांडून सकाळीच एकटा पुसेगावला आलाय म्हणे.

विचारलं, मग लग्न?

"ती तारीख बदलायची न्हाई म्हणून राहिलेत."