मुलं किती?

आई, तुझ्या दोन्ही हातांचा मुका.

आम्ही मजेत आहोत. जर्मनीतली खोली उबदार आहे, दोघी मुली शाळेत रमल्यात. ऑलिव्ह मात्र बेचव! तुझा गुडघा कसा आहे?

आश्रयाच्या अर्जासाठी आम्हा नवराबायकोला वेगवेगळं बसवून विचारलं, मुलं किती? निझार म्हणाला दोन. मी म्हणाले तीन. झालं, कागद अडकले.

निझार ओरडला, "अगं, गेलेलं पोर कशाला मोजलंस?" मग स्वतःच रडत बसला.

सोमवारी "मुलं दोनच" असं लिहून सही करायचीय, नाहीतर परत धाडतील. आपल्या होम्स शहरात बॉम्बहल्ल्यात यझन गेल्यावरही तू मला कधी माझ्या नावानं हाक मारली नाहीस, आपल्या रीतीप्रमाणे थोरल्या मुलाच्या नावानंच मारत राहिलीस. आता काय करू गं?

तुझीच,
यझनची आई