डाव्या पायावर तीसपर्यंत

सोलापूर,
गुरुवार, १२ डिसेंबर १९७४

प्रिय मादेवी,

तुझ्या आज्जीनं लांबूनच तुझ्या गालांवरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली, असं समज. आधी आनंदाचं सांगते, नाहीतर पोटात राहायचं नाही. आज सकाळी मी एका पायावर उभी राहिले बघ! भिंतीला हात न लावता, तीस अंक होईपर्यंत. अंक शिवपुत्र मास्तर मोजत होते, आणि तो माणूस मायेनं भरभर मोजणारा नव्हे. बत्तीस वर्षं शाळेत कवायत घेतली, त्यांचा एक आकडा म्हणजे आपले दोन. तीस झाल्यावर म्हणाले, "सुंदरम्मा, आता उतरा, गाभाऱ्याबाहेरचा नंदी नाही तुम्ही." मी उतरले आणि एवढी हसले की मठातल्या सगळ्या बाया हसायला लागल्या. बासष्ट वर्षांची म्हातारी, आणि पहिला नंबर आलेल्या पोरीसारखी घरी आले.

हे पत्र मी माझ्या हातानं लिहिते आहे. एरवी शेजारच्या तानाबाईची सून लिहून देते, तिचं अक्षर तुला ठाऊक आहे. पण तिला सांगून लिहिलेलं गल्लीभर होतं, आणि हे आधी तुला कळलं पाहिजे. माझी शाळा कानडी, ती पण दुसरीपर्यंत. मराठी अक्षरं तुझ्या आजोबांनी बाजारातल्या पाट्या दाखवून शिकवली, म्हणून 'किराणा' आणि 'भुसार' मला झोपेत पण लिहिता येतं. बाकी वेलांट्या कुठं चुकल्या तर हसून घे. हसलीस तर बरंच होईल.

नवरात्रात तुझ्या आईचं पत्र आलं होतं. मादेवी बोलत नाही, भिंतीकडं तोंड करून पडते, लाकडी पाय कागदात गुंडाळलेला तसाच खाटेखाली आहे, कुबड्या कोपऱ्यात. डॉक्टर म्हणतात, आधी चांगल्या पायावर उभी राहायला शिकू दे, आणि उरलेला गुडघा रोज हलला पाहिजे, तो आखडला तर लाकडी पाय असून नसल्यासारखा. दिवाळीनंतर दुसरं पत्र आलं, त्यात पण तेच. आता डॉक्टर म्हणाले, संक्रांतीपर्यंत वाट बघू. पहिलं पत्र वाचून झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे गिरणीचा भोंगा झाला तशी मी उठले आणि मठात मास्तरांच्या योगासनांच्या वर्गाला जाऊन उभी राहिले. म्हटलं, तेरा वर्षांच्या पोरीला जे करायला सांगतात ते अवघड आहे की सोपं, आधी आपण बघावं.

मास्तरांनी विचारलं, कंबर दुखते का, गुडघे दुखतात का? मी म्हटलं, काही दुखत नाही, मला नटराजासन शिकवा. तुला माहीत आहे ते, तूच सुट्टीत शाळेतून शिकून आली होतीस. एका पायावर उभं राहायचं, दुसरा पाय मागून वर उचलून हातानं धरायचा, आणि एक हात पुढं. मास्तर म्हणाले, "नटराज नंतर. आधी महिनाभर नुसतं उभं राहा." मला राग आला. जन्मभर उभीच राहिले की मी, चुलीपुढं, नळापुढं, रेशनच्या रांगेत. पण त्यांनी पायाची बोटं पसरायला लावली, टाच आणि दोन्ही बाजू जमिनीला टेकवायला लावल्या, गुडघा ताठ आवळू नका म्हणाले, किंचित सैल ठेवा. तेव्हा कळलं की बासष्ट वर्षं मी एका कडेवर उभी होते.

आणि लुगड्याची वेगळीच गंमत. आपल्यात कासोटा घालत नाहीत, गोल नेसतात, त्यात पाय मागं जाणार कसा? शेवटी तानाबाईकडं गेले, म्हटलं मला तुमच्यासारखं नेसव. ती बोलावून बोलावून बायकांना दाखवायला लागली, "आगं या गं, सुंदरम्मा आज काष्टा घालत्यात! ह्या वयात आमच्यात यायचं ठरवलं जणू!" मी म्हटलं, हसा बायांनो. मग दुसऱ्या दिवशी तीच मला वर्गापर्यंत सोडायला आली, आणि दारात थांबून म्हणते कशी, "पडू नगा वो, लई जड हाय तुमी, उचलायला धा माणसं लागतील."

आता तुला नीट सांगते, कारण हे तुझ्या उपयोगाचं आहे. भिंतीजवळ उभं राहायचं, हातभर अंतर. पहिले आठ दिवस हात भिंतीवरच. मग एक बोट. पाय एकदम उचलायचा नाही, आधी टाच, मग चवडा, मग अंगठा शेवटी. श्वास अडकला की समजायचं आपण ताकदीच्या पुढं गेलो, उतरायचं. डुललं तरी उतरायचं, पडेपर्यंत वाट बघायची नाही. मास्तर म्हणतात, "ज्याला उतरता येतं त्यालाच चढायचा हक्क." मी एकदा हट्टानं थांबले, वीस झाले होते, एकवीस करू म्हटलं, आणि खुर्चीवर जाऊन आदळले. मास्तरांनी सगळ्यांसमोर असं खडसावलं की दोन दिवस मी गेलेच नाही. तिसऱ्या दिवशी घरी निरोप पाठवला, खुर्ची सुखरूप आहे, या.

नजरेचं लई अवघड. मास्तरांनी भिंतीवरचा खिळा दाखवला, म्हणाले त्यावर नजर ठेवा. पण खिळ्याकडं बघितलं की मला कॅलेंडर आठवायचं, मग घरातलं वाणसामान आठवायचं, आणि मी डुलायचे. मग एका सकाळी लिंगपूजा करताना सुचलं. डाव्या तळहातावर लिंग घेऊन आपण बघतो की नाही, पापणी न हलवता? तसंच बघायचं. त्या दिवशी दहापर्यंत गेले. पुढं वाकायला लागल्यावर गळ्यातली लिंगाची चांदीची डबी झुलून हनुवटीला लागायची, आणि लिंग अंगावरून पडलं तर काय या भीतीनं मी सरळच व्हायचे. आता पदरानं छातीशी घट्ट बांधते. तू पण बांध. तुझ्या गळ्यातलं तुझ्या आईनं काढून ठेवलं नसेल ना?

मी फक्त डाव्या पायावर शिकले, मादेवी. मास्तर रोज म्हणतात, दुसरी बाजू पण करा, एका बाजूनं केलं की कंबर वाकडी होते. मी म्हणते, उद्या करते. तुला मागचा पाय हातानं धरायचा नाही, तुला नुसता उजवा गुडघा मागं न्यायचा, पुढं आणायचा, एवढंच. ते मी पण करून बघितलं. उजवा पाय गुडघ्यात मुडपून पंच्यानं मांडीला बांधला आणि भिंतीला धरून उभी राहिले. तीन अंक होईपर्यंत घाम आला. तेव्हा मला कळलं तू भिंतीकडं तोंड करून का पडतेस.

त्या दिवसाचं आपण दोघी कधीच बोललो नाही. तू गल्लीत नटराज करून दाखवलास तेव्हा माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं होतं. साक्षात शिव आपल्या दारात, आणि तो पण परकर-पोलक्यात! तू जमिनीवर छान उभी होतीस. मीच म्हटलं, खाली कोण बघणार, कट्ट्यावर चढ. मीच हाका मारून बायकांना गोळा केलं. तू म्हणालीस, आज्जी, कट्टा गुळगुळीत आहे. मी म्हटलं, काही होत नाही गं. आणि तू घसरून पडलीस, उजवा पाय मोडला. एवढं सगळ्यांना माहीत आहे, आणि त्यासाठी तुझ्या आईनं मला जे बोलायचं ते बोलून घेतलं, बरोबरच बोलली.

पुढचं पण सगळ्यांना माहीत आहे, पण अर्धंच. रेल्वेचा संप चालू होता, तुझे आई-अप्पा पुण्यात अडकलेले. मी तुला एस्टीनं मैंदर्गीला हाडवैद्याकडं नेलं. तुझ्या आजोबांचा हात त्याच्याच बापानं बसवला होता, म्हणून दवाखान्याचं माझ्या मनात पण आलं नाही. त्यानं हाड बसवलं, बांबूच्या कामट्या लावून बांधलं. तू त्याचा हात चावलीस आणि तो हसला. चौथ्या दिवशी सकाळी तुझी बोटं काळी पडलेली होती. रिक्षा, दवाखाना, आणि मग डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले गुडघा तेवढा वाचवू. तुझे अप्पा मिळेल त्या ट्रकनं त्याच दुपारी पोचले. नंतर मैंदर्गीला जाऊन भर बाजारात त्या हाडवैद्याला नाही नाही ते बोलले, आवळून बांधून माझी पोर लंगडी केलीस म्हणाले. तो माणूस हात जोडून एवढंच म्हणत होता, मी म्हातारीला सांगितलं होतं. कुणी ऐकलं नाही. मी तिथं उभी होते, मादेवी. मी तोंड उघडलं नाही.

त्यानं खरंच सांगितलं होतं. बोटं गार पडली, निळी दिसली, तर माझी वाट बघू नका, तिथंच कात्रीनं सोडा. तिसऱ्या दिवशी दुपारी तू म्हणालीस, आज्जी, बोटं माझी नाहीत असं वाटतंय, सोड ना. मी हात लावून बघितलं, गार होती. पण अमावस्या होती. बांधलेलं हाड अमावस्येला सोडलं की वाकडं जुळतं, असं माझ्या सासूनं सांगितलेलं, आणि तिला तिच्या सासूनं. मी म्हटलं, आजचा दिवस सोस, उद्या प्रतिपदा, सकाळी उजाडलं की सोडते. तू संध्याकाळपर्यंत म्हणत होतीस. मी तुला लाडू दिला, गोष्ट सांगितली, कपाळाला विभूती लावली. कात्री तिथंच फळीवर होती. मग तू म्हणायची बंद झालीस आणि मला वाटलं, बरं वाटलं पोरीला.

आणि दवाखान्यात तुझ्या अप्पांनी विचारलं, बोटं काळी कधी पडली? मी काही बोलायच्या आत तू माझ्याकडं बघितलंस आणि म्हणालीस, "आज सकाळीच." तेरा वर्षांची तू, पाय कापायला आत नेत होते, आणि मला झाकलंस. सात महिने झाले. त्यानंतर तू फारशी कुणाशी बोलली नाहीस. तुझी आई म्हणते पायाचं दुःख आहे, डॉक्टर म्हणतात काळ जाऊ दे. मला एकटीला ठाऊक आहे की तोंड उघडलं तर ते पण बाहेर येईल, म्हणून तू तोंडच उघडत नाहीस. रविवारी तुझे अप्पा आले होते. मी त्यांना सगळं सांगितलं, कात्रीसकट. त्यांनी एकदाच विचारलं, "अव्वा, गार लागली होती तुला?" मी व्हय म्हटलं. ताटातली भाकरी तशीच ठेवून ते उठले, पिशवी घेतली आणि स्टँडवर गेले. मी दारापर्यंत गेले, त्यांनी वळून बघितलं नाही. बघावं असं मी म्हणणार पण नाही. उद्या मी मैंदर्गीला जाऊन त्या माणसाच्या पाया पडणार आहे, मग बाजारात त्याच जागी उभी राहून सांगणार आहे. तुला हे पत्र एवढ्यासाठी, की आता तुला माझं काहीही सांभाळायचं नाही. मला माफ कर असं मी लिहीत नाही, तेवढा माझा हक्क नाही. तू मला ओरड. आईला जवळ बोलाव आणि मोठ्यानं म्हण, मी आज्जीला सोड म्हणाले होते, तिनं सोडलं नाही. रडून, किंचाळून, शेजारी गोळा होईपर्यंत म्हण. आणि म्हणून झालं की, आईच्या खांद्याला धरून, जमलं तर, एक अंक होईपर्यंत उभी राहा.

तुझीच,
सुंदरम्मा आज्जी