राखणीचा कोंबडा आणि ओव्याचे तेल

१ मे १९३१, चौल
मनुआत्याच्या बारा कोंबड्यांपैकी पाच मानमोडीच्या रोगाने गेल्या. आज प्रयोग सुरू. खोबरेलात ओवा व लसूण उकळून ते तेल कोंड्यात कालवायचे. सकाळ-संध्याकाळ एकेक डोस. नंतर शेतकी कॉलेजला रिपोर्ट. शाळा इंग्रजी चौथीनंतर सुटली म्हणून काय झाले? तेल उकळायला मॅट्रिक लागत नाही.

४ मे
आणखी चार गेल्या. त्या आधीपासूनच आजारी असाव्यात. रिपोर्टात धरायच्या नाहीत.

९ मे, सकाळी ७
दोन मेल्या. कारण : डोस वेळेवर न खाणे. उरला एकटा तांबडा कोंबडा. मान ताठ, तुरा लालभडक. उरलेल्यांत शंभर टक्के गुण!
आत्या म्हणाली, "सदू, ह्यो राखणदार देवाला बोललेला हाय. यंदा पाळी आपली. ह्याला काय झाला तं वाडीत तोंड कसा दाखवू?" मी म्हणालो, तेल आहे तोवर काळजी नको.

१५ मे
डोस दुप्पट. पिसांनाही तेल चोळले. शेजारच्या नूरबानूचाचीने कुंपणावरून विचारले, कोंबडा पाळतोयस की लोणचं मुरवतोयस? असल्या टोमण्यांनी शास्त्र थांबत नाही. तिच्या नऊच्या नऊ कोंबड्या तेलावाचून धडधाकट आहेत. योगायोग.

२० मे
रिपोर्ट पुन्हा लिहून काढला. एक वेलांटी चुकली होती. लिहिताना ध्यानात आले : परवा राखण, वाडीने देवाला कोंबडा द्यायचा दिवस. म्हणजे माझा एकमेव पुरावा कापणार! कोंबडा देणार नाही. काय व्हायचे ते होवो. आत्याला तसे ठणकावून सांगितले. मनात.

२२ मे, पहाटे ५
कोंबडा टोपलीखाली झाकून चाचीच्या पडवीमागे, लाकडांच्या आड ठेवला. चोख बंदोबस्त. कोणाच्या बापाला सापडणार नाही.

दुपारी १
देवापुढे वाडी जमलेली आणि कोंबडा नाही. आत्या पदर डोळ्यांना लावून उभी. मी द्रवलो नाही. थोडा द्रवलो, पण बोललो नाही. एवढ्यात बाळाजी गुरवकाका नाक वर करून म्हणाले, ओव्याचा वास कुठनं येतोय रे? आधी माझे हात हुंगले. मग सगळी वाडी वासामागे निघाली, थेट लाकडांपर्यंत. चाची दारातून म्हणाली, मी सकाळपासून म्हणतेय, भजी कोण तळतंय!

संध्याकाळी ६
रस्सा झाला. गुरवकाका म्हणाले, मसाला घालायची गरजच न्हाय पडली. ही स्तुती धरतो. आत्याने ओरडायचे सोडून तंगडी माझ्याच पानात वाढली. म्हणाली, तू जगवलास, तूच खा. नको म्हणालो. तिने पुन्हा वाढली तेव्हा खाल्ली.
पोट अगदी हलके आहे. ओव्याचा गुण तेवढा सिद्ध.