न सोडलेला हार

सौ. कमलाक्षीस,
भर समुद्रातून रंगनाथचे आशीर्वाद.

मी ठणठणीत आहे. आपल्या छोट्या सहनाचा खोकला गेला का?

मी सुखरूप परतावं म्हणून समुद्रात सोडायला तू विठोबाचा, आपल्या दारच्या मल्लिगेचा, म्हणजे मोगऱ्याचा, हार दिला होतास. तो मी सोडला नाही. जगभरच्या बोटींना नियम आहे: उरलेलं अन्न तेवढं टाकता येतं, तेही किनारा बारा सागरी मैल मागे पडल्यावर. फुलंही नाहीत, दोराही नाही. इंजिनिअर हसले, "फिटर, एका हाराने समुद्र बाटतो होय?" मी सातवीच शिकलेला, पण त्यांना नियमांचं इंग्रजी पान काढून दाखवलं.

परवा वादळात मात्र हात दोनदा हाराच्या डब्याकडे गेला. पण डबा उघडला की अजून आपल्या दाराचा वास येतो.

आता तो तुळशीच्या मुळाशी तूच घाल. म्हणजे तो घेऊन मला यावंच लागेल.

तुझा,
रंगनाथ