होऊ द्या सावकाश

सोमवार, १० जून
पोचले एकदाची! साउथहॅम्प्टनहून साडेतीन तास, आणि शेवटचा मैल तर नुसत्या दगडगोट्यांवरून. केंटच्या टोकाला असं काही असेल हे सांगून खरं वाटलं नसतं. झाड नाही, कुंपण नाही, नजर जाईल तिथवर गोटेच गोटे. लोक याला इंग्लंडचं वाळवंट म्हणतात. एका खोलीचं काळं लाकडी घर, आत एक टेबल, दोन खुर्च्या. शेजारीण चालत वीस मिनिटांवर. फोनला रेंज नाही. मस्त!

बुकिंग दियाचं. माझा नवरा, माधव, मार्चमध्ये गेला, तेव्हापासून मी रडले नाही, आणि माझी लेक म्हणते की आई, दॅट्स नॉट नॉर्मल. अगं, मी भूलतज्ज्ञ. लोकांना बधिर करण्याचा पगार घेते, थोडं अंगाला लागलं असेल. ती शनिवारी लेस्टरहून येणार. मग मायलेकींनी मिळून रडायचा बेत आहे. रडू आलं तर.

मंगळवार
दुपारी दारात बसून खिचडी खात होते. लांब गोट्यांवर एक माणूस उभा होता, राखाडी कोट, तोंड माझ्याकडे. बराच वेळ हललाच नाही. आपण घास घ्यायचा आणि समोर कुणीतरी उभं, कसंतरीच होतं. या जेवायला, असं म्हणून मोकळी झाले. हे आपलं म्हणायचं असतं. समोरच्यानेही होऊ द्या सावकाश म्हणायचं आणि निघून जायचं. खरोखर कुणी येत नाही. याला मराठी कुठलं कळायला? त्याने नुसती मान डोलावली.

बुधवार
एक वाजता ताट वाढलं आणि तो दारात होता. या गोट्यांवर मांजर चाललं तरी ऐकू येतं. त्याची पावलं वाजली नाहीत. येऊन समोरच्या खुर्चीत बसला. बोलावलंय मीच, आता नाही कसं म्हणणार? त्याला वरणभात वाढला. तो शिवला नाही, माझ्या ताटाकडे बघत राहिला. मी जेवले. मीठ घातलं होतं, पण लागलं नाही. आणखी घातलं, तरी नाही. घाबरायला हवं होतं बहुतेक. ऑपरेशनच्या वेळी करते तशी नुसती नोंद करते आहे.

गुरुवार
कालपासून तो उठलेला नाही. ताट तसंच समोर. जेवायला बसलेल्याला पानावरून उठवायचं नाही, हे आईने चिमटे काढून शिकवलेलं. जीभ रेटली नाही. आज लोणचंही पाण्यासारखं लागलं. चहाने तोंड भाजलं, ते फोड आल्यावर कळलं.
त्याचे गाल मात्र भरलेत.
माधवचा चेहरा आठवून पाहिला. चष्मा आठवला. चेहरा नाही. समोर तो डोळे पुसत होता. माझे कोरडे.

शुक्रवार
दियाला येऊ नको कळवायला हवं. गाडीची किल्ली बोटांत राहत नाही, बोटांना ती कळतच नाही. पेन मुठीत धरलंय. चालत शेजारणीकडे गेले, दार ठोठावलं. म्हातारीने उघडलं, माझ्या आरपार पाहिलं, कुत्र्याला म्हणाली की वारा आहे नुसता — आणि लावून घेतलं.
परत आले तर त्याच्या अंगावर माझी शाल. हात माझे. अंगठीचा फिकट वळसुद्धा —

शनिवार
मी बाहेर आहे. आत दोनच खुर्च्या. दुसरी दियासाठी पुसून ठेवली त्याने — तिने —
गाडी आली. मी दोन्ही हात पसरून आडवी उभी राहिले. दिया बाजूने निघून गेली. त्या बाईला आई म्हणाली. मिठी. बाई रडली, ढसाढसा. किती खूश झाली माझी पोर.

काचेतून दिसतंय. ताट वाढलं. दियाने घास घेतला. थांबली. मीठ मागितलं.
परत मागितलं —
आता पोटात तुटतंय. आता —
मुठी आपटते, काच वाजत नाही —
दिया, ऊठ. भरल्या ताटावरून ऊठ, मी सांगते, तुझी आई सांगते, पान टाकून ऊठ, दिया, तो घास —