नवसाची अंडी

बुआफन ताई,

हे पत्र पाठवायची माझी छाती होईलसं वाटत नाही, तरी लिहितो.

आईच्या डोक्याला दहा दिवस किरणं दिली, तेव्हा "यानं तू बरी होशील" असं मीच तिला सांगितलं. फुफ्फुसातला कॅन्सर मेंदूत गेलाय, किरणांनी फक्त डोकेदुखी कमी होईल, हे डॉक्टरांनी मला आधीच सांगितलं होतं.

डोकेदुखी थांबली आणि आई नवस फेडायला निघाली. काल आम्ही विहारात बुद्धापुढे शंभर उकडलेली अंडी मांडली. केस गेलेल्या डोक्यावर हात फिरवत ती शेजारणीला म्हणाली, "बघ गं, साध्वी व्हायला आता पांढरी वस्त्रंच तेवढी कमी!" मग मला कोपरानं ढोसलं. "गप्प काय बसलास? बोल की, आईला बरी केलीत म्हणून."

तीन वर्षं भिक्खू राहिलेला मी. हात जोडून बोललो.

परतताना म्हणाली, "ताईला फोन लाव. म्हणावं, आता रजा वाया घालवू नकोस, सोंगक्रानच्या सणाला ये."

मी तुला तेच सांगितलं. तू हसलीस, तैवानहून यायचं तिकीट रद्द करते म्हणालीस.

सोंगक्रानला पाच महिने आहेत, ताई. डॉक्टरांनी दोन सांगितलेत.

तुझा धाकटा,
थोंगइन