सुमंतांचे रुंद टायर

देवनहळ्ळी, ३ जून २०२५

ती. सौ. भाग्यलक्ष्मी अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

माझा मोबाइल सुमंत रोज बघतात, म्हणून पत्र. उत्तर के. आर. पुरमला माझ्या शाळेच्या पत्त्यावर पाठव. गेल्या महिन्यात त्यांनी हौसेनं आमच्या लहान गाडीला रुंद टायर आणि मोठी चकचकीत चाकं बसवली. दर रविवारी शाळेत जाण्यायेण्यापुरतं पेट्रोल ते स्वतः मोजून भरतात. पूर्वी ते शनिवारपर्यंत पुरायचं, आता शुक्रवारीच काटा तळाला. मी कुठंतरी फिरते असं ठरवून त्यांनी किल्ली काढून घेतली. आता कामावर जाता-येता तेच सोडतात, तेच आणतात. अक्का, कोंडल्यासारखं झालंय. भावजींचं टायरचं दुकान आहे, त्यांना विचारशील का?

तुझी,
चंदना


जयनगर, ७ जून

चि. सौ. चंदनास,
अ. उ. आ.

पत्र वाचलं आणि जेवण सोडून उठले. यांना विचारलं. म्हणाले, टायर रुंद आणि चाक जड झालं की इंजिनाला ओढायला जोर लागतो, लहान गाडी जास्तच पेट्रोल पिते. मूळची चाकं चढवून हवा नीट भरली की पुन्हा पुरेल. म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी. तू वाद घालू नकोस, गाडी तेच चालवतात ना, काटाही त्यांनाच बघू दे. लहानपणी हवा नसलेली सायकल दामटून तू चेनला शिव्या द्यायचीस, ते मी विसरले नाही. इथे आईची खोली रिकामीच आहे. स्वल्प धीर धर.

तुझी,
अक्का


के. आर. पुरम, २३ जून

ती. सौ. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

भावजींचं खरं ठरलं. सुमंत चालवत होते तरी शुक्रवारी गाडी थांबलीच. टायरचा दोष आपणच शोधला असं ते सगळ्यांना सांगत होते. जुनी चाकं चढवून किल्ली परत दिली. चुकलो म्हणाले नाहीत. आता कमी पडलं तर सबब चालणार नाही, एवढंच म्हणाले. मी निर्दोष ठरले आणि रडू आलं. पुन्हा तेच मोजलेलं पेट्रोल, तोच रस्ता.

मग वर्गात बसून हिशेब केला. शनिवारी शाळा सुटल्यावर घरी जाण्यापुरतं पेट्रोल उरतं. तेवढ्या पेट्रोलात जयनगर येतं. तिथून देवनहळ्ळीला परतण्याइतकं मात्र उरत नाही. सरी, ठीक आहे, नसू दे. या शनिवारी येते.

लोभ आहेच, दाराची कडी तेवढी काढून ठेव.

तुझी,
चंदना